मेडिकलच्या फॉर्मवर पुण्यातला स्टेंट लिहायचा का?

पत्राचा सारांश : लिहिणारे वाचक ५४ वर्षांचे, टेक्सासमध्ये स्थायिक, नोकरी सॉफ्टवेअरमधली. ९ वर्षांपूर्वी त्यांनी खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळवलं. तिघांच्या भागीदारीत एक सेस्ना १७२ आहे आणि शनिवार-रविवारी ते उडतात. गेल्या दिवाळीत पुण्याला आईकडे आले असताना पर्वती चढताना त्यांची छाती आवळली. ट्रेडमिल टेस्ट पॉझिटिव्ह आली, दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली आणि एका धमनीत स्टेंट बसला. हार्ट अटॅक आलेला नव्हता. आता ८ महिने झाले, रोज ३ मैल चालतात, काही त्रास नाही. एफएएचं (अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाचं) थर्ड क्लास मेडिकल, म्हणजे खासगी वैमानिकाचं तब्येतीचं प्रमाणपत्र, अजून ७ महिने चालू आहे. अमेरिकेत या आजाराची कुठेही नोंद नाही, गोळ्याही पुण्याहून येतात. परत आल्यावर ते दोनदा एकटे उडाले. भागीदार असलेला मित्र म्हणतो, ‘भारतातलं इथे कोणाला कळणार? फारच वाटलं तर मेडिकलऐवजी बेसिकमेड घे, त्यात काही सांगावं लागत नाही.’ पत्नी म्हणते, उडणंच सोडा. २४ वर्षांच्या मुलीला काहीच माहीत नाही. आजीच्या आजारपणामुळे मुक्काम वाढला, असं तिला सांगितलंय. नोव्हेंबरात ती घरी येणार आहे आणि बाबांबरोबर उडायचं म्हणतेय. ‘खरं सांगितलं तर लायसन्स जाईल, नाही सांगितलं तर मन खातं. काय करू?’

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात मी एकच गोष्ट शोधत होते : अमेरिकेत परतल्यावर तुम्ही कोणत्या कार्डिओलॉजिस्टला भेटलात. तो उल्लेख मला सापडला नाही. गोळ्या पुण्याहून येतात, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही तुम्ही सांगितलेलं नाही, असाच त्याचा अर्थ होतो. नोंद राहू नये म्हणून तुम्ही डॉक्टरांकडेच गेला नाहीत. ८ महिन्यांचा स्टेंट, आणि त्यावर इथल्या कुणाचंही लक्ष नाही. मेडिकलचा विचार आपण करणारच आहोत, पण मला आधी याची काळजी वाटते. या आठवड्यात कार्डिओलॉजिस्टची वेळ घ्या. आणि फॉर्मवर गोळ्यांचा रकाना रिकामा दिसावा म्हणून स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. स्टेंटनंतर पहिल्या वर्षात रक्ताची गुठळी रोखणारी गोळी अचानक थांबवली, तर स्टेंटच बंद पडण्याचा धोका असतो. या गोळीमुळे मेडिकल अडत नाही. एफएए ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालवून घेते.

आता ‘खरं सांगितलं तर लायसन्स जाईल’ या तुमच्या वाक्याकडे येते. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. अमेरिकेतल्या वैमानिकाच्या लायसन्सला मुदत नसते. ते तुम्ही परीक्षा देऊन कमावलंय आणि आजारपणामुळे ते कोणी काढून घेत नाही. आजाराने अडतं ते मेडिकल, आणि तेही बहुतेक वेळा काही काळापुरतं. लायसन्स खरोखर जाऊ शकतं ते खोटं लिहिल्यामुळे. मेडिकलच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर एफएए मेडिकलबरोबर तुमची सगळी वैमानिकी प्रमाणपत्रं रद्द करू शकते. त्याखेरीज तो केंद्रीय गुन्हा आहे : ५ वर्षांपर्यंत कैद आणि २,५०,००० डॉलरपर्यंत दंड. हा इशारा त्या फॉर्मवरच छापलेला असतो. म्हणजे ज्या मार्गाने लायसन्स वाचेल असं तुम्हाला वाटतंय, लायसन्सला खरा धोका त्याच मार्गावर आहे.

मित्राचं पहिलं म्हणणं, भारतातलं इथे कोणाला कळणार. फॉर्ममधला प्रश्न तुम्हाला पाठ असेल : आयुष्यात कधीही हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार झाला होता का? कुठल्या देशात, हे तिथे विचारलेलंच नाही. सध्या घेत असलेली औषधं आणि गेल्या ३ वर्षांत भेटलेले डॉक्टर, यांचे रकाने वेगळे आहेत. एका स्टेंटसाठी तीन ठिकाणी खोटं लिहावं लागेल, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते पुन्हा लिहावं लागेल. ‘कोणाला कळणार’ याचं एक उत्तर फार दुःखद आहे, तरी लिहिते. जीवघेण्या अपघातानंतर वैमानिकाची शवचिकित्सा होते, ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या प्रयोगशाळेत औषधांचे अंश तपासले जातात. तिथे स्टेंट लपत नाही. मग विमा कंपनीचे प्रश्न सुरू होतात आणि त्यांची उत्तरं द्यायला तुमची पत्नी आणि मुलगी उरतात.

मित्राचं दुसरं म्हणणं, बेसिकमेड घे, हे अर्धं बरोबर आहे, म्हणून त्याचा जास्त घोळ होतो. बेसिकमेड ही मेडिकलऐवजी चालणारी सोपी पद्धत १ मे २०१७ला सुरू झाली आणि तिने हजारो हौशी वैमानिकांची मोठी सोय केली. दर ४८ महिन्यांनी कुठल्याही परवानाधारक डॉक्टरकडून तपासणी, दर २४ महिन्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रम, एफएएच्या डॉक्टरकडे जायची गरज नाही. पण काही आजारांना तिथे एक अट आहे. हार्ट अटॅक, हृदयाची झडप बदलणं, हृदय प्रत्यारोपण आणि उपचार घ्यावा लागलेला कोरोनरी (हृदयाच्या धमन्यांचा) आजार, यातलं काही झालं असेल तर बेसिकमेडवर जाण्याआधी एकदा तरी एफएएची ‘स्पेशल इश्यूअन्स’, म्हणजे आजार असूनही प्रकृती तपासून दिलेलं मेडिकल, मिळवावी लागते. स्टेंट म्हणजे उपचार घ्यावा लागलेला कोरोनरी आजारच. तेव्हा तुमच्यासाठी ते दार उघडं आहे, पण त्याची वाट एफएएच्या टेबलावरून जाते. ती एकदा पार केलीत की या आजारासाठी दरवर्षी कागद पाठवत बसायला नको. तिथून पुढे बेसिकमेड.

मेडिकल अजून ७ महिने चालू आहे, असं तुम्ही लिहिलंय. कागदावर आहे. पण एफएएचा नियम ६१.५३ सांगतो की मेडिकलच्या निकषात आपण बसत नाही हे ठाऊक असताना, किंवा ठाऊक असायला हवं असताना, त्या मेडिकलच्या बळावर पायलट इन कमांड (उड्डाणाची जबाबदारी असलेला वैमानिक) होता येत नाही. पर्वतीवरून हॉस्पिटलात गेलात त्या दिवसापासून तुमच्या खिशातलं मेडिकल तुमच्यासाठी निजलेलं आहे. यात एक दिलासाही आहे. खासगी वैमानिकाने आजारी पडल्याबरोबर एफएएला पत्र धाडावं, असं बंधन नाही. बंधन न उडण्याचं आहे, आणि पुढचा अर्ज कराल तेव्हा खरं लिहिण्याचं.

त्या दोन उड्डाणांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण तुमची झोप उडवणारी गोष्ट तीच असावी. लॉगबुकातली एकही नोंद खोडू नका, पान बदलू नका. आणि एफएएकडे पहिला कागद जाण्यापूर्वी विमानवाहतूक कायदा जाणणाऱ्या वकिलाशी तासभर बोला. ती उड्डाणं नेमक्या कोणत्या नियमात बसतात, याला पदर आहेत. ते मी इथे बसून ठरवू नये आणि तुमच्या मित्रानेही ठरवू नये.

स्पेशल इश्यूअन्स या शब्दाची अनेकांना धास्ती असते. एफएएच्या नियमांत १५ आजार असे आहेत की ज्यांत मेडिकल थेट मिळत नाही, आणि कोरोनरी आजार त्यात आहे. पण याच नियमांत पुढे सोय आहे की माणसाने आपली प्रकृती विमान चालवण्याजोगी आहे हे दाखवलं, तर ठरावीक मुदतीचं मेडिकल द्यावं. स्टेंट असलेले, बायपास झालेले, झडप बदललेले वैमानिक आज या वाटेने कायदेशीर उडताहेत. स्टेंटनंतर काही महिने थांबावं लागतं; तुमचे ८ महिने झालेत, म्हणजे तो काळ उलटून गेलाय. एफएएला हवं असतं ते साधारण असं : हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टीचे अहवाल, अँजिओची सीडी, कार्डिओलॉजिस्टचं अलीकडचं सविस्तर टिपण, साखर आणि कोलेस्टेरॉलचे ताजे आकडे, आणि ट्रेडमिलवरची नवी स्ट्रेस टेस्ट, तीही तिच्या सगळ्या आलेखांसकट.

स्ट्रेस टेस्ट ब्रूस पद्धतीची असते. दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. ७० वर्षांखालच्यांनी ९ मिनिटं टिकावं आणि नाडी वयाच्या अंदाजे कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांपर्यंत जावी, अशी अपेक्षा आहे. तुमच्या वयाला २२० उणे ५४, म्हणजे १६६. त्याचे ८५ टक्के म्हणजे १४१ ठोके. तिसऱ्या टप्प्यात चढ १४ टक्के असतो आणि वेग ताशी ३.४ मैल. टेक्सासच्या सपाट रस्त्यावर रोज ३ मैल चालून याची तयारी होत नाही. डॉक्टरांनी होकार दिला तर चढावरचं चालणं आत्तापासून सुरू करा. नाडी मंदावणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर १४१ गाठणं अवघड जातं. ती टेस्टपूर्वी थांबवायची का, किती तास, हे फक्त कार्डिओलॉजिस्टने सांगायचं.

पुण्याचे कागद मिळवणं हे या सगळ्यातलं सर्वांत कंटाळवाणं काम, आणि ते आजच सुरू करण्याजोगं. भारतात डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षं ठेवाव्यात असा नियम आहे, तेव्हा उशीर करू नका. पुण्यात कोणी भाऊ-बहीण असेल तर सहीचं अधिकारपत्र आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत देऊन त्यांना हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात पाठवा. केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. सीडी मागा, ती घरच्या संगणकावर उघडते का ते तिथल्या तिथे बघायला सांगा, आणि स्टेंटचं कार्ड किंवा त्याचं स्टिकर लावलेलं पान हमखास घ्या. हाताने लिहिलेली टिपणं असतील तर ती टाइप करून त्यावर डॉक्टरांची सही आणि शिक्का मागा. एफएएच्या ओक्लाहोमातल्या माणसाला आपल्या डॉक्टरांचं अक्षर लागणार नाही आणि फाइल दोन महिने परत फिरेल.

एक पायरी मात्र उलटी पडू देऊ नका. मेडएक्सप्रेसवर, म्हणजे मेडिकलच्या ऑनलाइन अर्जावर, फॉर्म भरून थेट तपासणीला जाऊ नका. तुमचा अर्ज तपासणाऱ्या डॉक्टरने एकदा उघडला की तो औपचारिक होतो. मग मेडिकल देणं, नाकारणं किंवा एफएएकडे पाठवणं एवढेच पर्याय त्याच्याकडे राहतात. आणि शेवटचा अर्ज नाकारलेला असला की बेसिकमेड बंद होतं, ड्रायव्हिंग लायसन्सच्या आधारावर उडण्याची मुभाही बंद होते. म्हणून आधी फक्त सल्ल्याची वेळ मागा, तपासणीची नाही. ‘माझा फॉर्म अजून भरलेला नाही, फाइल बघून सांगा’ असं स्पष्ट म्हणा. हृदयाच्या फायली हाताळलेला एएमई (एफएएच्या वतीने तपासणी करणारा डॉक्टर) शोधा. जवळच्या विमानतळावरच्या शिकवणाऱ्यांना नावं ठाऊक असतात. फाइल पूर्ण झाली की मग फॉर्म. त्यानंतरही काही महिने वाट पाहावी लागते, तेव्हा नोव्हेंबरचा आग्रह मनातून काढून टाका.

ड्रायव्हिंग लायसन्सचा विषय निघाला आहे, तर तोही मांडते, नाहीतर मित्र उद्या तेच घेऊन येईल. २२ ऑक्टोबर २०२५पासून स्पोर्ट पायलटच्या, म्हणजे छोट्या विमानांपुरत्या हौशी वैमानिकाच्या, नियमांची कक्षा बरीच वाढली आणि सेस्ना १७२ सारखी विमानं त्यात बसू लागली : फक्त एक प्रवासी, १०,००० फुटांच्या खाली, दिवसा. त्याला अमेरिकेतलं ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं. तुमचा शेवटचा अर्ज मंजूर झालेला आहे, त्यामुळे हा रस्ता कायद्याने तुम्हाला मोकळा असू शकतो. पण विमान सुरक्षित चालवता येणार नाही असा कुठलाही विकार आपल्याला ठाऊक नसावा, ही त्यातली अट आहे आणि तिचा निवाडा वैमानिकाने स्वतःच करायचा असतो. ८ महिन्यांत कार्डिओलॉजिस्टला न भेटलेल्या माणसाने असा निवाडा कशाच्या आधारावर करायचा? स्ट्रेस टेस्ट स्वच्छ आली, डॉक्टरांनी लेखी दिलं, तर हा पर्याय जरूर विचारात घ्या. त्याआधी नको.

‘मला काहीच त्रास नाही’, हेही तुम्ही लिहिलंय, आणि ते खरंच असेल. पण पर्वतीच्या पायथ्याशीही तुम्हाला काही त्रास नव्हता. १८ जून १९७२ला लंडनच्या हीथ्रोवरून निघालेलं एक ट्रायडंट विमान स्टेन्सजवळ कोसळलं आणि ११८ जण गेले. कॅप्टन वेळोवेळीच्या वैद्यकीय तपासण्या पार करत आलेला होता. शवचिकित्सेत त्याच्या धमन्या बऱ्याच अरुंद झालेल्या आढळल्या, आणि अपघाताच्या कारणांत चौकशीने त्याच्या हृदयाच्या स्थितीचीही नोंद केली. हे मी भीती घालायला सांगत नाही. पुढच्या काळात युरोपात या विषयाचा विचार कसा बदलला, ते मला दाखवायचंय. आजार आहे की नाही, एवढंच पाहणं मागे पडलं आणि वर्षभरात हा माणूस उड्डाणात अचानक निकामी होण्याची शक्यता किती, हा प्रश्न पुढे आला. दोन वैमानिकांच्या विमानांसाठी १ टक्क्याची मर्यादा रूढ झाली. नीट उपचार झालेला, पुन्हा पुन्हा तपासलेला स्टेंट हा त्या हिशोबात बसू शकणारा आजार आहे. न तपासलेला स्टेंट त्या हिशोबात मांडताच येत नाही. तुमच्या सेस्नात तर शेजारच्या सीटवर दुसरा वैमानिकही नसतो.

तुमच्या पत्नीचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उरकलंत. उडणं सोडा असं त्या म्हणतात तेव्हा त्यांना उडण्याचा राग आहे, असं मला वाटत नाही. तुम्ही एकट्याने, कुणाला न सांगता दोनदा वर गेलात, त्याची ती भीती असावी. त्यांना कार्डिओलॉजिस्टच्या भेटीला बरोबर न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. आणि ‘सोडणं’ हा पर्यायही प्रामाणिकपणे मनात धरून बघा. टेस्ट चांगली आली नाही, किंवा ही सगळी धावपळ नकोशी झाली, तर थांबणं हाही एक मान राखणारा निर्णय आहे. फक्त तो टेस्टनंतर घ्या, भीतीपोटी आज नको.

मधल्या काळात विमानापासून दूर राहायची गरज नाही. कार्डिओलॉजिस्टची ना नसेल तर शिकवणाऱ्या वैमानिकाला पायलट इन कमांड करून त्याच्याबरोबर उडता येतं. तेवढे तास लॉगबुकात शिक्षणाचे म्हणून लागतात आणि हात बसलेला राहतो. इथे मला डीक स्लेटन आठवतात. अमेरिकेच्या पहिल्या ७ अंतराळवीरांपैकी एक. १९६२मध्ये हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे त्यांचं उड्डाण रद्द झालं आणि विमानही एकट्याने चालवायला मनाई झाली. त्यांचा आजार सगळ्यांना माहीत होता आणि त्यावर सतत तपासण्या होत होत्या. ते दुसऱ्या वैमानिकाबरोबर उडत राहिले, बाकीच्या अंतराळवीरांचं काम सांभाळत राहिले. १९७२मध्ये डॉक्टरांनी त्यांना पुन्हा पात्र ठरवलं आणि जुलै १९७५मध्ये, ५१व्या वर्षी, अपोलो-सोयुझ मोहिमेत ते अंतराळात गेले. १० वर्षं वाट पाहिली त्यांनी. तुम्हाला कदाचित १० महिने पाहावी लागेल.

अशाच आशयाची आणखी तीन पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. लहानपणी हृदयाचं छिद्र बंद केलेल्यांनी आणि जास्तीच्या ठोक्यांसाठी ॲब्लेशन झालेल्यांनीही ‘आयुष्यात कधीही’ हे शब्द लक्षात ठेवावेत. ३० वर्षं जुनं असलं तरी लिहायचं आणि जुने कागद आईच्या कपाटातून बाहेर काढायचे. पोटासाठी उडणाऱ्यांचं फर्स्ट क्लास मेडिकल चाळिशीनंतर दर ६ महिन्यांनी येतं, त्यामुळे त्यांनी युनियनच्या वैद्यकीय सल्लागाराला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावं. भारतात उडणाऱ्यांना डीजीसीएचे (भारताच्या विमानवाहतूक नियामकाचे) नियम लागू होतात, वर लिहिलेले बेसिकमेडचे नाहीत. त्यांनी आपली फाइल हृदयविकार हाताळलेल्या डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे न्यावी.

आता मुलगी. तिला आजीच्या आजारपणाचं कारण सांगितलंत ते तिला त्रास नको म्हणून, हे कळतं. आपल्या घरांतून आजार असेच दडवले जातात, मुलांचा अभ्यास होऊ दे, परीक्षा होऊ दे, म्हणत. पण ती २४ वर्षांची आहे आणि विमानात तुमच्या शेजारी बसणार आहे. वडिलांच्या हृदयाचा इतिहास हा तिच्या स्वतःच्या डॉक्टरलाही सांगायचा तपशील आहे. पन्नाशीच्या सुमाराला धमनी अडलेले वडील, हे तिच्या फॉर्मवर तिला लिहावं लागेल, आणि आज ती तिथे ‘नाही’ लिहीत असेल. नोव्हेंबरपर्यंत थांबू नका. फोनवर सांगा, आणि आजीचं कारण खोटं होतं हेही सांगा. ती चिडेल, चिडू द्या. मग तिला विचारा की नोव्हेंबरात शिकवणाऱ्यालाच पायलट इन कमांड करून आपण दोघं मागे-पुढे बसून जायचं का. सेस्नात ४ जागा असतात, तिच्या आईसाठीही एक उरते.